जीन हाती आला, पद हातचे गेले : डग्लस प्रॅशर यांचे प्रकरण

१९९२ साली डग्लस प्रॅशर या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाकडे दोन गोष्टी एकाच वेळी होत्या: जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, नुकताच वेगळा काढलेला एक विलक्षण जीन (जनुक) आणि संपत आलेले अनुदान. पीएचडी होऊन तेरा वर्षे झाली होती. स्वतःची प्रयोगशाळा होती, नावावर चांगले पेपर होते, डोक्यात एक मोठी कल्पना होती. तरी त्यांनी तो जीन, ज्यांच्याशी फोनवरच बोलणे झाले होते अशा दोन शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवून दिला आणि शैक्षणिक संशोधनाची वाट सोडली. सोळा वर्षांनी त्या दोघांना नोबेल जाहीर झाले. प्रॅशर तेव्हा अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते.

विज्ञानाच्या वर्तुळात ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण ती सांगितली जाते हळहळण्यासाठी. ‘बिचाऱ्याचे नशीब’ म्हटले की विषय संपतो. पीएचडीनंतर संशोधन संस्थेत टिकू पाहणाऱ्या माणसाला त्या हळहळीचा काही उपयोग नाही. त्याला हवे असते ते वेगळे: कुठला निर्णय कधी झाला, तेव्हा हाती काय होते, आणि गाडे नेमके कुठे अडले. माझ्या मते ते १९९२च्या बरेच आधी अडले होते, नोकरी पत्करली तेव्हाच.

प्रश्न कुठून आला

गोष्ट सुरू होते ती अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर इथे. तिथल्या पाण्यात एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाची, काचेसारखी पारदर्शक जेलीफिश सापडते. हात लावला की तिच्या कडेने हिरवट प्रकाश उमटतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा १९६१च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनच्या फ्रँक जॉन्सन यांच्याबरोबर तिथे गेले. प्रकाश देणारी इंद्रिये जेलीफिशच्या छत्रीच्या काठावर असतात, म्हणून ते दोघे कात्रीने ती कड कापून काढत, तिच्या पट्ट्या गोळा करत आणि कापडातून पिळत. एका रात्री शिमोमुरांनी नको असलेला अर्क बेसिनमध्ये ओतला, तर आतून निळा झोत निघाला. बेसिनमध्ये समुद्राचे पाणी होते आणि त्यातल्या कॅल्शियमने अर्कातले प्रथिन पेटले होते. हे प्रथिन म्हणजे एक्वोरिन. त्याच्याबरोबरच, अगदी थोड्या प्रमाणात, आणखी एक प्रथिन मिळाले. ते एक्वोरिनची निळी ऊर्जा घेऊन हिरवे चमकत असे. पुढे त्याला ग्रीन फ्लुओरोसंट प्रोटीन, म्हणजे जीएफपी, हे नाव पडले. १९६२च्या पेपरात त्याचा उल्लेख आहे तो जाता जाता केलेला.

शिमोमुरा पुढची अनेक वर्षे प्रिन्स्टनमध्ये जॉन्सन यांच्या छत्राखाली राहिले. उन्हाळा आला की कुटुंबासह फ्रायडे हार्बरला जायचे आणि जेलीफिश गोळा करायच्या, असा क्रम. सगळी मिळून साडेआठ लाखांच्या घरात गेली. वर्ग घ्यायचे ओझे नव्हते, आणि एकाच प्राण्याचे रसायन वीस वर्षे खोदत बसण्याची मुभा होती. हे लक्षात ठेवा, कारण प्रॅशर यांना नेमके हेच मिळाले नाही.

प्रॅशर यांनी १९७९ साली ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएचडी केली. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनासाठी, ते जॉर्जिया विद्यापीठात मिल्टन कॉर्मिअर यांच्याकडे गेले. कॉर्मिअर यांची प्रयोगशाळा जैवप्रकाशावर काम करणारी. तिथे प्रॅशर यांनी एक्वोरिनचा जीन वेगळा काढला. तो पेपर १९८५चा. पोस्टडॉकच्या हिशेबाने हे घसघशीत काम होते. त्यातूनच पुढची कल्पना निघाली. जीएफपीचा जीन दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाच्या जीनला जोडला, तर ते प्रथिन पेशीत केव्हा तयार होते आणि कुठे जाते हे नुसत्या प्रकाशावरून कळेल. पेशी मारावी लागणार नाही, रंग घालावा लागणार नाही. आज कुठल्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे रोजचे आहे. तेव्हा असा विचार करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

पोस्टडॉक नीट पार पडला होता आणि प्रश्न स्वतःचा होता, गाइडच्या कामाची नुसती शेपटी नव्हती. स्वतंत्र संशोधक व्हायला आणखी काय लागते? कागदावर तरी काही नाही.

वुड्स होल

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रॅशर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले. नाव मोठे, जागा समुद्राकाठी, विषय समुद्री प्राण्याचा. बाहेरून पाहता जोडी छान जमलेली दिसते.

पण ही संस्था मूळची समुद्रविज्ञानाची. प्रवाह, गाळ, जहाजे, खोल पाण्यातली यंत्रे, समुद्री परिसंस्था ही तिची ओळख. रेण्वीय जीवशास्त्र, म्हणजे जीन कापणे-जोडणे आणि जिवाणूत घालून प्रथिन बनवणे, हा तिचा मुख्य प्रवाह नव्हे. याच गावात मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी ही वेगळी संस्था आहे आणि खुद्द शिमोमुरा १९८२ पासून तिथे होते. पण त्यांना रस होता तो प्रथिनाच्या रसायनात. जीन दुसऱ्या प्राण्यात घालून पाहायचा, हा ध्यास त्यांचा नव्हता. एकाच गावात जीएफपी शोधणारा आणि जीएफपीचा जीन काढणारा असे दोघेही होते, हे भौगोलिकदृष्ट्या गमतीचे आहे. कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फारसा नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. अशा संस्थांत शास्त्रज्ञाच्या पगाराचा मोठा हिस्सा त्याने स्वतः आणलेल्या अनुदानातून निघतो. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाला शिकवण्याच्या बदल्यात निदान शैक्षणिक वर्षाचा पगार तरी मिळतो. इथे प्रस्ताव नामंजूर झाला, तर प्रयोग थांबतात आणि स्वतःच्या पगारातही भोक पडते. रुजू होताना बहुतेक तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेच्या जागेबद्दल आणि सुरुवातीच्या रकमेबद्दल घासाघीस करतात. ‘तिसऱ्या वर्षी माझा पगार कोण देणार’ हे विचारायचे राहून जाते, किंवा विचारायला संकोच वाटतो.

प्रॅशर यांनी जीएफपीचा जीन काढण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, एनआयएचकडे, प्रस्ताव पाठवला. तो फेटाळला गेला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने मात्र ठरावीक मुदतीचे, दोन लाख डॉलरच्या आसपासचे अनुदान दिले.

या अनुदानाचा हिशेब समजून घ्यायला हवा. त्यातून जीन काढणे जमण्यासारखे होते. पण प्रॅशर यांची खरी कल्पना होती जीन काढल्यानंतरची, म्हणजे तो जिवंत पेशीत चमकवून दाखवण्याची. त्यासाठी पुढचे अनुदान लागणार, ते मागायला प्राथमिक पुरावा लागणार, आणि तो पुरावा म्हणजे हातात आलेला आणि चालणारा जीन. पहिल्या पैशाची मुदत पहिला टप्पा पुरा होताहोताच संपत होती.

जीन काढणे

फ्रायडे हार्बरला प्रॅशरही गेले आणि त्यांनीही जेलीफिशच्या कडा कापल्या. पण शिमोमुरांना हवे होते प्रथिन आणि ते तुलनेने दणकट असते. प्रॅशर यांना हवा होता आरएनए, म्हणजे जीनची पेशीत बनणारी तात्पुरती नक्कल, जो काढायला जरा उशीर झाला की तुटतो. त्यापासून उलट्या दिशेने डीएनए बनवायचा, त्याचे तुकडे जिवाणूंत भरून संग्रह तयार करायचा, आणि मग त्या प्रचंड संग्रहात जीएफपीचा जीन असलेली वसाहत शोधायची. हाती पहिल्यांदा अर्धवट जीन आला. पुढे पूर्ण लांबीचा आला. २३८ अमिनो आम्लांचे (म्हणजे साखळीतल्या तेवढ्या दुव्यांचे) हे प्रथिन कसे रचले आहे ते सांगणारा पेपर १९९२ मध्ये ‘जीन’ या नियतकालिकात छापून आला. सहलेखकांत कॉर्मिअर आणि रट्गर्स विद्यापीठाचे विल्यम वॉर्ड होते.

मोठी शंका तोपर्यंत जिवंत होती. जीएफपी चमकते ते त्याच्या पोटातल्या तीन अमिनो आम्लांमुळे. ही तिन्ही आपापसांत जुळून प्रकाश देणारा गट बनवतात. ही जुळणी जेलीफिशमधली दुसरी एखादी एन्झाइमे करून देत असतील, तर नुसता जीन परक्या पेशीत घालून काहीच दिसणार नाही. बहुतेकांचा कल तसाच होता. अनुदान मागणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट परिस्थिती विरळा. प्रयोग फसला, तर दाखवायला काही नाही. फसेल असे म्हणणाऱ्या परीक्षकाला खोडून काढायला प्रयोगाखेरीज दुसरा मार्ग नाही.

लिफाफा

मार्टिन चाल्फी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सी. एलिगन्स या कृमीवर काम करत होते. हा कृमी एक मिलिमीटरचा आणि पारदर्शक. १९८९च्या एप्रिलमध्ये एका व्याख्यानात त्यांनी जीएफपीबद्दल ऐकले आणि पुढचे व्याख्यान कानावरून गेले असावे, कारण त्यांच्या डोक्यात लगेच चमकणारे कृमी फिरू लागले. चौकशी करत ते प्रॅशर यांच्यापर्यंत पोहोचले. फोनवर ठरले: जीन पूर्ण हाती आला की प्रॅशर कळवतील आणि दोघे मिळून काम करतील.

जीन आला तेव्हा चाल्फी रजा घेऊन युटा राज्यात होते. प्रॅशर यांनी केलेला संपर्क त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. प्रॅशर यांना वाटले यांनी विषय सोडला, आणि चाल्फींना वाटले यांचे काम अडले. १९९२ मध्ये चाल्फींकडे काही महिन्यांसाठी आलेली विद्यार्थिनी घिया युस्किर्शेन हिला विषय सुचवताना दोघांनी वैद्यकीय पेपरांची सूची चाळली आणि प्रॅशर यांचा पेपर समोर आला. पुन्हा फोन गेला. त्याच सुमारास सॅन दिएगोहून रॉजर त्सिएन यांनीही प्रॅशर यांच्याशी संपर्क साधला.

प्रॅशर यांचे अनुदान संपत आले होते. नवे मिळण्याची चिन्हे नव्हती. कायम नेमणुकीचे मूल्यमापन तोंडावर होते आणि त्यात निभाव लागेल असा भरवसा त्यांना नव्हता. ते दुसरी नोकरी पाहत होते. त्यांनी दोघांनाही जीन पाठवून दिला.

पुढे काय झाले, त्यात या प्रकरणाची सगळी मेख आहे. प्रॅशर यांनी पाठवलेल्या डीएनएच्या तुकड्यात, म्हणजे क्लोनमध्ये, प्रथिन बनवणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना जादा डीएनए होता. ज्यांनी तो क्लोन नेहमीच्या पद्धतीने, सोयीच्या जागी कापून, जिवाणूत घातला त्यांना प्रकाश दिसला नाही. चाल्फी आणि युस्किर्शेन यांनी ठरवले की पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या हव्या तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, फक्त प्रथिनाचा भाग उचलायचा, दोन्हीकडची शेपटे टाकून द्यायची. साधा ई. कोलाय जिवाणू घेतला. चाल्फींचा सूक्ष्मदर्शक बरा नव्हता, म्हणून युस्किर्शेन आपल्या आधीच्या, अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत गेली आणि तिथल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने हिरवे जिवाणू पाहिले. (त्या पीसीआरमध्ये ८०व्या जागी ग्लुटामीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन शिरले. चूकच होती, पण प्रकाशाचे काही बिघडले नाही आणि कित्येक प्रयोगशाळांत पुढे तीच आवृत्ती पसरली.)

जेलीफिशची बाकी एन्झाइमे लागतच नव्हती. ११ फेब्रुवारी १९९४च्या ‘सायन्स’मध्ये पेपर आला. त्यात शेवटचे नाव प्रॅशर यांचे. त्याच वर्षी त्सिएन यांच्या गटाने एकच अमिनो आम्ल बदलून हिरव्याचा निळा प्रकाश करून दाखवला. त्या पेपरातही प्रॅशर आहेत, मधल्या जागी. दोघांनीही श्रेय द्यायला हात आखडला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण या गोष्टीच्या ऐकीव आवृत्त्यांत बऱ्याचदा चोरीचा वास येतो. चोरी झालेली नाही.

पुढची वर्षे

ही थोडक्यात सांगतो. प्रॅशर अमेरिकी कृषी खात्यात गेले आणि किडी ओळखण्याच्या रेण्वीय पद्धतींवर काम करू लागले, आधी मॅसॅच्युसेट्समध्ये, मग मेरीलँडमध्ये. तिथून हंट्सव्हिलला नासासाठी काम करणाऱ्या एका कंपनीत, लांबच्या अंतराळप्रवासात उपयोगी पडतील अशा छोट्या तपासणी यंत्रांवर. नासाने तो प्रकल्प बंद केला आणि नोकरी गेली. कुटुंबाला पुन्हा उचलून दुसऱ्या राज्यात न्यायचे नव्हते. मग गाडी चालवण्याचे काम धरले.

२००८चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. नियमाप्रमाणे तिघांपेक्षा जास्त जणांना ते देता येत नाही. चाल्फी उघडपणे म्हणाले की, प्रॅशर आणि उरलेले दोघे यांना देऊन मला वगळले असते तरी चालले असते. चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वतःच्या खर्चाने प्रॅशर दांपत्याला स्टॉकहोमला समारंभासाठी नेले. २०१०मध्ये प्रॅशर हंट्सव्हिलमधल्या एका कंपनीत पुन्हा विज्ञानाच्या कामावर रुजू झाले आणि २०१२ ते २०१५ ते सॅन दिएगोत त्सिएन यांच्याच प्रयोगशाळेत होते.

अडले कुठे

पहिले स्पष्टीकरण नशिबाचे: फोन लागला नाही, चाल्फी रजेवर होते. हे पटण्यासारखे नाही. फोन लागला असता तर काम वर्ष-दीड वर्ष आधी झाले असते इतकेच. सहकार्य चाल्फींच्या प्रयोगशाळेतच झाले असते आणि प्रॅशर यांचे मूल्यमापन वुड्स होलमध्येच.

दुसरे स्पष्टीकरण स्वभावाचे. प्रॅशर यांना माणसे जोडता आली नाहीत, स्वतःचे घोडे पुढे दामटता आले नाही. यात तथ्य असेलही. पण हे निदान मला सोयीचे वाटते. असे म्हटले की बाकी कुणालाच काही बदलावे लागत नाही. शिमोमुरा काही गर्दीत रमणारे म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांना ते परवडले, कारण त्यांच्या डोक्यावर जॉन्सन होते.

युस्किर्शेनच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहा. जीएफपीचे भवितव्य ज्याने ठरले तो प्रयोग पहिल्या टप्प्यात ना महाग होता ना लांबलचक. पीसीआर, जिवाणू, चांगला सूक्ष्मदर्शक. काही महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थिनीने तो केला. म्हणजे प्रॅशर यांना कमी पडले ते दोन-पाच लाख डॉलर नव्हेत. कमी पडले ते शेजारच्या दारातून डोकावून ‘अरे, ती शेपटे कापून टाक ना आधी’ म्हणणारे माणूस, आपल्या यंत्रावर बसू देणारी ओळखीची प्रयोगशाळा, आणि प्रश्नात रस असलेला एक तरी विद्यार्थी. कोलंबियात चाल्फींना हे तिन्ही एकाच विद्यापीठाच्या परिघात मिळाले. ते चाल्फींचे कर्तृत्व होतेच, पण विभागाचेही होते. समुद्रविज्ञानाच्या संस्थेत एकटा रेण्वीय जीवशास्त्रज्ञ असणे म्हणजे सासरी आपली भाषा कुणालाच न कळण्यासारखे आहे. जेवायला मिळते, पण मनातले बोलायला कुणी नसते.

याचा दुसरा फटका मूल्यमापनात बसतो. कायम नेमणूक देणाऱ्या समितीने तुमचे काम वाचून समजून घ्यावे लागते. जीएफपीचा जीन काढणे हे त्या क्षेत्रातल्या माणसाला ‘आता पुढे काय काय होईल’ असे वाटायला लावणारे काम. बाहेरच्याला ते जेलीफिशच्या एका प्रथिनाचा क्रम छापला, इतकेच दिसते. पेपरांची संख्या, अनुदानांची रक्कम, असे मोजता येणारेच मग शिल्लक उरते आणि नेमके तेच प्रॅशर यांच्याकडे तोकडे होते.

पैशाबद्दलही एक गोष्ट. त्सिएन यांना १९८९ पासून हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचा पाठिंबा होता. ही संस्था प्रकल्पाला नाही, माणसाला पैसे देते. ‘जीन चमकेल का, माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणण्याची चैन त्यांना परवडत होती. प्रकल्पाच्या पैशावर जगणाऱ्याला असा प्रश्न एकुलता एक ठेवणे घातक असते. त्याच्या शेजारी एखादे हमखास पेपर देणारे, कंटाळवाणे म्हटले तरी चालेल, असे दुसरे काम लागते. प्रॅशर यांनी सगळा डाव एकाच जीनवर लावला होता. मला यात त्यांची जिद्द दिसते, पण पंधरा जणांनी माझ्याकडे असा बेत आणला तर त्यातल्या चौदांना मी दुसरे काम जोडून घ्यायला सांगेन.

१९९२ मधले पर्याय

जीन स्वतःजवळ ठेवून प्रयोग एकट्याने करणे हा पर्याय लोकांना सगळ्यात आधी सुचतो. तो सगळ्यात कमकुवत होता. क्रम छापून झाला होता, म्हणजे पीसीआर येणारा कुणीही जेलीफिश पकडून तोच जीन पुन्हा उचलू शकला असता. इनोउये आणि त्सुजी या शास्त्रज्ञांनी जिवाणूत जीएफपी चमकवून दाखवल्याचा पेपर १९९४ मध्येच आला. दाबून ठेवलेला जीन दोन वर्षांत शिळा झाला असता आणि सहलेखकपदही गेले असते.

दुसरा पर्याय, जीन देऊन तिथेच तग धरणे. त्यासाठी १९९२ ते १९९४ ही दोन वर्षे पगाराची सोय हवी होती. ‘सायन्स’चा पेपर आल्यावर कुठल्याही समितीपुढे बोलणे सोपे झाले असते. पण श्रेय छापून येण्याचा वेग आणि पद संपण्याचा वेग यांचा मेळ कुणीच घालत नाही. आज एनआयएचमध्ये पोस्टडॉकमधून स्वतंत्र पदाकडे नेणारे जोड-अनुदान आहे, दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शकाकडे आणि तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या प्रयोगशाळेत. अंतिम पदवीपासून दहा वर्षांच्या आतल्यांना प्रस्तावांच्या छाननीत वेगळे मोजले जाते. हे सगळे २००६ पासून पुढचे. शिवाय दहा वर्षांची ही रेघ प्रॅशर यांच्या बाबतीत १९८९ मध्येच ओलांडली गेली असती.

तिसरा पर्याय मला सर्वांत जवळचा वाटतो: जीन हाती येताच, पेपर छापून येण्याची वाट न पाहता, जीवशास्त्राच्या मोठ्या विभागांत अर्ज करणे, आणि तेही ‘सहकारी’ म्हणून जाण्याची तयारी ठेवून. चाल्फी किंवा त्सिएन यांच्याशी बोलताना ‘जीन देतो’ याला जोडून ‘दोन वर्षांची जागा आहे का’ हे विचारता आले असते. स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून पाच-सहा वर्षे काढलेल्या माणसाला ही पायउतार वाटते आणि अमेरिकी व्यवस्थेत ती तशीच मोजली जाते. पण कृषी खात्यात किडींवर काम करण्यापेक्षा ती विषयाला जवळची होती. आणि गंमत अशी की, वीस वर्षांनी प्रॅशर त्सिएन यांच्याकडे गेले ते जवळपास याच नात्याने.

उरला तो त्यांनी निवडलेला पर्याय, देऊन बाहेर पडणे. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर चौघांत हाच उत्तम होता, कारण जीन दोन वेगळ्या स्वभावांच्या, सगळ्यात सज्ज हातांत एकाच वेळी पडला. जीन वाटल्याची नोंद तेव्हा सहलेखकपदाच्या पलीकडे कुठे राहत नसे. २००४ मध्ये सुरू झालेल्या अॅडजीन या ना-नफा संस्थेत आता प्रयोगशाळा आपले प्लास्मिड (जीन वाहून नेणारे डीएनएचे छोटे कडे) जमा करतात, मागेल त्याला ते तिथून जाते, आणि कुणाचे प्लास्मिड किती ठिकाणी पोहोचले याचा हिशेब राहतो. नेमणुकीच्या अर्जात हा आकडा लिहिणारे उमेदवार मी पाहिले आहेत. समितीतले ज्येष्ठ तो वाचून पान उलटतात, हेही पाहिले आहे.